चौसष्टांचे शंभर

इ. स. १९५६ च्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस राज्यपुनर्रचनेचा कायदा अंमलात आला, तेव्हा नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्यप्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट जिल्हा, त्यातील बैहर तहसिलीसह, भोपाळच्या नव्या मध्यप्रदेशात राहिला. ज्या राज्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान दिला होता ते राज्य अशा रीतीने संपुष्टात आले, आणि मैकलच्या पठारावरील सालवृक्षांच्या अरण्यात वसलेल्या या तहसिलीचा, जिथे गोंड आणि बैगा यांच्या शेजारी वैनगंगेच्या खोऱ्यातून घाट चढून आलेले पोवार शेतकरी नांदत होते, नागपूरच्या दप्तराशी असलेला जुना संबंध तुटला. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, या तहसिलीच्या व्यवहारात दुसरे एक स्थित्यंतर घडले: रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत असत, त्याऐवजी शंभर नये पैसे झाले. पहिल्या स्थित्यंतरावर पुष्कळ वादविवाद झाले आणि पुष्कळ शाई खर्ची पडली. दुसऱ्याला चलनाच्या इतिहासातील एक तांत्रिक बाब समजून लोक पुढे गेले. माझ्या मते मात्र हे दुसरे स्थित्यंतर अधिक विचार करण्यासारखे आहे, कारण दोन संख्यापद्धतींचा परस्परांशी संबंध म्हणजे नेमके काय, हा गणितशास्त्राचा एक मूलभूत प्रश्न त्या दिवशी आठवडी बाजारात मीठ आणि तंबाखू घेणाऱ्या प्रत्येक माणसापुढे प्रत्यक्ष येऊन उभा राहिला.

जुन्या रुपयाची अंतर्गत रचना प्रथम नीट ध्यानात घेतली पाहिजे. रुपयाच्या चार पावल्या, पावलीचे चार आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे चाराने तीन वेळा भागत गेले की चौसष्टावा भाग हाती येई. जमाखर्चाच्या वहीत ही रचना जशीच्या तशी उमटलेली असे. पूर्ण रुपये दशमान अंकांनी लिहावेत, त्यापुढे पावल्यांसाठी उभ्या रेघा काढाव्यात, आणि आण्यांसाठी आडव्या; कोणत्याही स्थानी तीनपेक्षा अधिक रेघा कधीच येत नसत, कारण चौथी रेघ आली की ती वरच्या स्थानात एक होऊन जाई. रुपयाच्या वर दहाच्या आधाराने चालणारी आणि रुपयाच्या खाली चाराच्या आधाराने चालणारी अशी ही संमिश्र पद्धती होती, आणि मोडी वळणाच्या लेखनाला सरावलेला कारकून या दोन पद्धतींच्या सीमारेषेवरून दिवसातून शेकडो वेळा ये-जा करी. अशा संमिश्र श्रेणींची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीलावतीच्या आरंभीच परिभाषा दिली आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. एकाच साखळीत वीस, चार आणि सोळा असे तीन निरनिराळे गुणक आहेत. त्यानंतर लगेच ग्रंथकार दशगुणोत्तर संख्यास्थानांकडे वळतो आणि दोहोंचा घोळ कोठेही होऊ देत नाही, ही गोष्ट त्या आचार्यांच्या दृष्टीची स्वच्छता दाखविणारी आहे.

ही चारांची आणि सोळांची रचना टिकली, तिच्यामागे अंधपरंपरा नव्हती. अर्ध्याचे अर्धे करीत जाणे ही मनुष्याच्या हातांना आणि तराजूला सर्वांत सुलभ अशी क्रिया आहे, आणि सोळा ही संख्या चार वेळा अर्धी केली तरी अपूर्णांक उरत नाही. शंभराचे अर्धे पन्नास, त्याचे अर्धे पंचवीस, आणि तेथे वाट संपते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांचे जे पाढे मराठी शाळांतून मुलांकडून घटवून घेतले जात, ते याच रचनेचे व्याकरण होते. शिवाय आणा हे केवळ नाणे राहिले नव्हते. तो कोणत्याही अखंड वस्तूचा सोळावा भाग झाला होता. मालगुजारीच्या काळात गावच्या मालकीचे हिस्से आणे-पैंत मोजले जात. संपूर्ण गाव म्हणजे सोळा आणे, भावांत वाटणी झाली की चार आण्यांचा हिस्सेदार, दोन आण्यांचा हिस्सेदार. पिकाचा अंदाज बांधण्याची जी आणेवारी, तीतही रुपयाचा काही संबंध नसे. उत्तम पीक सोळा आणे धरून त्या मानाने यंदाचे पीक किती, एवढेच ती सांगे. मूर्त नाण्यापासून अमूर्त अपूर्णांकाकडे जाण्याचा हा प्रवास कोण्या पंडिताने घडवून आणलेला नाही. तो पटवाऱ्यांनी, सावकारांनी आणि शेतकऱ्यांनी केला, आणि त्यांच्या या कर्तृत्वाची नोंद गणिताच्या इतिहासात व्हावी असे मला मनापासून वाटते.

वजनांशी या रुपयाचे नाते तर अधिकच घट्ट होते. १८३५ च्या नाणेविषयक कायद्याने कंपनी सरकारचा चांदीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा ठरला, आणि तोळाही तेवढाच. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, आणि शेराच्या सोळा छटाका. रुपयाचे आणे सोळा आणि शेराच्या छटाका सोळा, यामुळे जिन्नस जितके रुपये शेर, तितके आणे छटाक, हा हिशेब निरक्षर माणसालाही करता येई. मणाच्या भावासाठी दुसरी गुरुकिल्ली होती: जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर, कारण अडीच शेर हा मणाचा सोळावा भाग. एका पद्धतीतील प्रत्येक भागाशी दुसऱ्या पद्धतीतील एकच भाग जोडला जावा, आणि इकडची बेरीज तिकडच्या बेरजेशी तंतोतंत जुळावी, अशा संबंधाला गणिती समरूपता म्हणतात. सोळा आणे आणि सोळा छटाका हे त्या समरूपतेचे असे उदाहरण आहे की पाठ्यपुस्तककाराने त्याहून चांगले शोधूनही सापडू नये.

एका चलनातून दुसऱ्या चलनात जाण्याचा प्रसंग बैहरच्या प्रदेशावर पूर्वीही आला होता. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असता नागपुरी रुपया चाले. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, १८६७ मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला, आणि कंपनीचा, पुढे राणीचा, रुपया सर्वत्र रूढ झाला. दोन रुपयांच्या चांदीत फरक असल्यामुळे सराफ बट्टा घेत. परंतु बट्टा म्हणजे एक निश्चित गुणोत्तर. त्रैराशिकाने ते लावावे, शंभर रुपयांना लावा किंवा एकेका रुपयाला लावून बेरीज करा, उत्तर एकच येते. तेथे दोन्ही रुपये आतून सोळाच आण्यांचे होते. रचना तीच राहून केवळ माप लहानमोठे झाले होते, आणि असे बदल, ते कितीही त्रासदायक असले तरी, गणिताच्या दृष्टीने सरळ असतात.

१९५७ चा बदल या जातीचा नव्हता. तो समजण्यासाठी युरोपातील एका विचारप्रवाहाकडे क्षणभर वळले पाहिजे. सायमन स्टेविन या डच भाषेत लिहिणाऱ्या गणितज्ञाने १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांवर एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध करून नाणी, वजने आणि मापे सारी दहांच्या पटीत बांधावीत असे सुचविले. अमेरिकेने १७९२ मध्ये नाण्यांच्या बाबतीत आणि क्रांतिकालीन फ्रान्सने १७९५ मध्ये मापांच्या बाबतीत ते केले. परंतु पद्धती बदलताना काय टिकते आणि काय हरवते, हा प्रश्न गणितज्ञांनी निःसंदिग्धपणे विचारला तो एकोणिसाव्या शतकात. रिचर्ड डेडेकिंडने १८७२ मध्ये परिमेय संख्यांतून वास्तव संख्यांची उभारणी करून दाखविली, तेव्हा त्याच्यापुढे केवळ नव्या संख्या निर्माण करण्याचे काम नव्हते. जुन्या संख्या नव्या पद्धतीत आपला क्रम, आपली बेरीज आणि आपला गुणाकार शाबूत ठेवून नांदतात, हेही दाखविणे आवश्यक होते. तेव्हापासून दोन संख्यापद्धतींचा संबंध तपासताना गणितज्ञ प्रथम हे पाहतो की एकीतील भिन्न संख्या दुसरीतही भिन्न राहतात काय, लहानमोठेपणाचा क्रम राहतो काय, आणि बेरीज करून मग रूपांतर केले काय किंवा रूपांतर करून मग बेरीज केली काय, फल एकच येते काय.

या कसोट्या आणे-पैशांना लावून पाहू. रुपयाचा चौसष्टावा भाग दशांश पद्धतीत ०·०१५६२५ असा पूर्णपणे लिहिता येतो. आणा म्हणजे ०·०६२५. दोन हा दहाचा विभाजक असल्यामुळे अर्ध्याअर्ध्याने मिळणारा कोणताही अपूर्णांक दशांशांत सांत असतो. उलट वाट मात्र बंद आहे. रुपयाचा पाचवा भाग आण्यांत मोजू गेल्यास तीन आणे, दोन पै आणि वर दोन-पंचमांश पै असा होतो, आणि चाराच्या आधाराने लिहू गेल्यास तो कधीच संपत नाही, कारण पाच हा चाराच्या कोणत्याही घाताचा विभाजक नाही. म्हणजे जुनी पद्धती नव्या पद्धतीत सामावते, नवी जुनीत सामावत नाही. पै या नाण्याची कथा आणखी वेगळी आहे. पैशाच्या तीन पै, रुपयाच्या एकशे ब्याण्णव. तेथे तीन हा गुणक शिरलेला असल्याने तीन भावांत एक रुपया वाटताना प्रत्येकाला पाच आणे चार पै असा निःशेष वाटा मिळे, आणि शंभर पैशांच्या रुपयात ती वाटणी कधीच पुरी होत नाही. पाच भावांना मात्र नव्या रुपयाने वीस-वीस पैसे देऊन न्याय केला, जो जुन्या रुपयाला करता येत नव्हता. एका पद्धतीने मिळविले ते दुसरीने गमावले, असा हा हिशेब आहे, आणि तो करताना कोणत्याही बाजूचा अभिमान धरण्याचे कारण नाही.

सैद्धांतिक दृष्ट्या आण्याचे नव्या पद्धतीत येणे असे निर्दोष होते. दोष उत्पन्न झाला तो नाणे दोन दशांश स्थळांपाशी थांबले म्हणून. १९५५ च्या दुरुस्ती कायद्याने चौसष्ट जुन्या पैशांचे शंभर नये पैसे हा दर ठरविला, आणि जो अपूर्णांक उरेल तो अर्धा किंवा त्याहून कमी असल्यास सोडून द्यावा, अधिक असल्यास पूर्ण धरावा असा नियम केला. त्यानुसार जी कोष्टके छापली गेली त्यांत एका जुन्या पैशाला दोन नये पैसे, दोन पैशांना तीन, तिनांना पाच, आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस, सहा आण्यांना सदतीस असे आकडे होते. गणितज्ञाच्या कसोटीला हे कोष्टक लावले तर पहिली दोन उत्तरे समाधानकारक येतात: पैशापर्यंतच्या कोणत्याही दोन भिन्न रकमांना एकच नवी रक्कम नेमून दिलेली नाही आणि लहानमोठेपणाचा क्रम कोठेही ढळत नाही. तिसऱ्या कसोटीवर ते पडते. एक आणा तीन वेळा दिला तर अठरा नये पैसे, एकदम तीन आणे दिले तर एकोणीस; एक पैसा दोन वेळा दिला तर चार, एकदम दोन पैसे दिले तर तीन.

हा फरक क्षुल्लक वाटेल, म्हणून तो रुपयापर्यंत नेऊन पाहणे इष्ट आहे. जो मनुष्य एकेका जुन्या पैशाच्या किमतीचा जिन्नस चौसष्ट वेळा विकत घेईल आणि प्रत्येक वेळी नव्या नाण्यांत दाम मोजील, त्याचे एका रुपयाच्या मालाला एकशे अठ्ठावीस नये पैसे जातील. जो एकेका आण्याने घेईल त्याचे शहाण्णव जातील, आणि जो पावलीपावलीने घेईल त्याचे बरोबर शंभर. शेकडा अठ्ठावीसाचा हा भार कोणत्याही कराच्या कलमात लिहिलेला नव्हता, आणि कायद्याचा तसा हेतूही नव्हता. तो त्या कोष्टकाच्या बेरीज न जपण्यातून आपोआप उत्पन्न होत होता, आणि नेमका त्याच माणसावर पडत होता जो मोहफुले किंवा चारोळी विकून हाती आलेल्या चिल्लरीतून एका वेळी एका पैशाचे मीठ घेतो. बैहरच्या परिसरातील आठवडी बाजारांत अशी गिऱ्हाइके थोडी नसत. यावर दोनच उपाय होते. जुनी नाणी काही काळ नव्यांच्या बरोबरीने चालू ठेवली होती, त्यामुळे जुन्या भावाचा माल जुन्या पैशानेच घ्यावा. किंवा सगळी खरेदी झाल्यावर एकूण बेरजेचे एकदाच रूपांतर करावे, प्रत्येक जिनसाचे वेगळे करू नये. दुसरा उपाय म्हणजे शुद्ध गणित आहे. जेथे रूपांतर बेरजेला जपत नाही तेथे क्रियांचा क्रम सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळण्याइतके हिशेबाचे बळ ज्याच्यापाशी नाही त्याचे नुकसान होते.

एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे, ती अशी की या तहसिलीत शतांशाची गणना १९५७ मध्ये प्रथमच आली असे नाही. मध्य प्रांताच्या जमाबंदीत जमिनीचे क्षेत्र एकरांत आणि एकराच्या शतांशांत नोंदले जाई. त्या शतांशाला लोक डिसमिल म्हणत. पटवाऱ्याच्या खसऱ्यात क्षेत्र शंभरांनी आणि सारा सोळांनी अशी दोन पद्धतींची गाठ कित्येक वर्षे पडत आलेली होती. समजा, तीन एकर सत्तेचाळीस डिसमिल जमिनीला एकरी बारा आणे आकार आहे. जुन्या हिशेबाने दोन रुपये, नऊ आणे, सात पै आणि वर पैचे अडुसष्ट शतांश, एवढे करण्यास गुणाकार, दोन भागाकार आणि बराच संयम लागे. नव्या हिशेबाने एकरी पंचाहत्तर पैशांच्या दराने दोन रुपये साठ पैसे हा एका गुणाकाराचा खेळ झाला. मालगुजारी नष्ट होऊन १९५१ पासून सारा सरकार थेट वसूल करू लागले होते, त्यामुळे हा लाभ तहसील कचेरीच्या कारकुनापासून खातेदारापर्यंत सर्वांना पोहोचला. बाजारात ज्या बदलाने गरिबाचे काही काळ नुकसान केले, त्याच बदलाने कचेरीत त्याचा हिशेब त्याला कळेल असा केला.

खरी विसंगती मधल्या वर्षांची होती. रुपया शंभर पैशांचा झाला आणि शेर सोळा छटाकांचाच राहिला, त्यामुळे जितके रुपये शेर तितके आणे छटाक ही गुरुकिल्ली कुलपाला लागेनाशी झाली. रुपया शेराच्या जिनसाची छटाक सव्वासहा पैशांना पडू लागली आणि पाव पैशाचे नाणे कोठेच नव्हते. १८७१ मध्ये हिंदुस्थान सरकारने किलोग्रामच्या वजनाचा शेर ठरविणारा एक कायदा केला होता, तो कधीच अंमलात आला नाही; आता मात्र १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत आणि १९६२ पर्यंत देशभर किलोग्राम आला. जुना शेर ९३३ ग्रामांचा, मण सदतीस किलोंहून थोडा अधिक. या संख्यांत कोठेही सुबकपणा नाही. तरीही वजने बदलताच हिशेबाची मोडलेली घडी पुन्हा बसली. क्विंटलचे किलो शंभर आणि रुपयाचे पैसे शंभर, म्हणून जितके रुपये क्विंटल तितके पैसे किलो. सोळांची समरूपता गेली आणि तिच्या जागी शंभरांची आली. मधली काही वर्षे कठीण गेली ती नाणे आणि वजन यांतील एकानेच आधी आपली रचना बदलली म्हणून. दोन्ही बदल एकाच दिवशी करणे एवढ्या विस्तीर्ण देशात शक्य नव्हते हे मला मान्य आहे, परंतु त्या वर्षांत सामान्य माणसाला झालेला गोंधळ अडाणीपणाचा होता असे जे त्या काळी सर्रास म्हटले जाई, ते मान्य करता येत नाही. त्याच्या हाती असलेले एक अचूक गणिती साधन सरकारी हुकमाने निरुपयोगी झाले होते.

धान्याच्या मापांची गोष्ट मात्र या चौकटीत बसत नाही. या भागात धान कुडोने मोजीत आणि वीस कुडोंची खंडी धरीत. वीस हा शंभराचा विभाजक आहे, तेव्हा संख्येच्या दृष्टीने येथे काहीच अडचण दिसू नये. अडचण अशी की कुडो हे आकारमानाचे माप आहे आणि किलोग्राम वजनाचे. एका कुडोत मावणारे धान, तेवढ्याच कुडोत मावणारे कोदो आणि तेवढ्याच कुडोत मावणारी मोहफुले यांची वजने तीन प्रकारची भरतात. मोहफुलांचे तर ती किती वाळली आहेत यावरही अवलंबून असते. या ठिकाणी एका पद्धतीपासून दुसरीकडे नेणारे एकच गुणोत्तर असू शकत नाही. प्रत्येक जिनसाला त्याचे स्वतंत्र गुणोत्तर आहे आणि ते कोष्टकात नाही, तराजूवर पाहावे लागते. म्हणून नव्या वजनांचा कायदा पुरता अंमलात आल्यावरही पेरणीचे बी, मजुरीचे धान आणि घरातल्या कणगीतला साठा यांचा हिशेब कुडो आणि खंडी यांनीच चालला, आणि धान विकण्यासाठी खाली बालाघाटकडे गाडी निघाली की तेवढ्यापुरता तो किलोंत आणि क्विंटलांत मांडला जाऊ लागला.